अ‍ॅक्सिलरेटरसाठी ओळख शोधताय? आधी या चुका टाळा

"सर, तुमची तिथे ओळख आहे ना? आमचं नाव जरा सुचवाल का?"

अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे निवडक नव्या स्टार्टअपना पैसे आणि मार्गदर्शन देणारा काही महिन्यांचा कार्यक्रम. त्याच्या बॅचसाठी, म्हणजे एका वेळी घेतल्या जाणाऱ्या कंपन्यांच्या तुकडीसाठी, अर्जाची मुदत जवळ आली की असे मेसेज सुरू होतात. मी स्वतः एका अ‍ॅक्सिलरेटरमधून गेलेला फाउंडर आहे आणि गेली काही वर्षं दुसऱ्या एका अ‍ॅक्सिलरेटरचे अर्ज पहिल्या फेरीत वाचतो. ओळखीचा उपयोग होतो का? होतो. पण लोकांना वाटतो तिथे होत नाही. या गैरसमजापायी चांगली माणसं त्याच त्या चुका करताना पाहून आता चीड येते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मोठ्या नावाच्या मागे महिना घालवणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. एक जोडी होती, छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवणारी. मुदतीला पाच आठवडे होते. एका नावाजलेल्या गुंतवणूकदाराशी त्यांची एका कार्यक्रमात दहा मिनिटं गाठ पडली होती. त्याची शिफारस मिळाली की काम झालं, असं दोघांनी ठरवलं. मग मेल, आठवणीचा मेल, त्याच्या ऑफिसात फोन, ओळखीच्या ओळखीतून निरोप. यात चार आठवडे गेले. शेवटी त्या माणसानं भीडेखातर होकार दिला.

आमच्याकडे शिफारस करणाऱ्याला तीन प्रश्न असतात. यांना किती दिवस ओळखता? यांचं काम स्वतः पाहिलंय का? स्वतःचे पैसे यांच्यात घालाल का? त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं: "एकदा भेट झाली." "नाही." तिसरा रकाना कोरा.

आता वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. शिफारस नसती तर मी अर्ज कोऱ्या मनानं वाचला असता. इथे एक जाणता माणूस 'मला यांच्याबद्दल काही माहीत नाही' असं लिहून देत होता. आणि अर्ज? तो शेवटच्या दोन रात्रींत उरकलेला. 'तुमचं प्रॉडक्ट कोण वापरतं?' या प्रश्नाला उत्तर होतं, "अनेक दवाखान्यांशी बोलणी सुरू आहेत." मी नकाराचं मत दिलं.

नंतर त्यांच्यातल्या एकाशी बोलणं झालं तेव्हा कळलं की एका दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टबाई तीन महिने रोज हे सॉफ्टवेअर वापरत होत्या. मध्ये एक दिवस सर्व्हर बंद पडला तर सकाळी आठलाच त्यांचा फोन आला होता: "लवकर चालू करा, वहीवर परत जायला जमणार नाही." हे अर्जात कुठेही नव्हतं. त्या बाईंचं एक वाक्य त्या गुंतवणूकदाराच्या नावापेक्षा कितीतरी वजनदार होतं, आणि ते मिळवायला कुणाचे उंबरे झिजवायची गरज नव्हती.

माझी सवय सांगतो. ज्याचं काम मी निदान तीन-चार महिने पाहिलंय, त्याचीच शिफारस मी करतो. तुम्हीही अशाच माणसाकडे जा. जुना बॉस, तुमच्यासोबत रात्री जागून काम केलेला सहकारी, पैसे मोजणारा ग्राहक. नाव मोठं नसलं तरी चालतं, त्याला तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काहीतरी असलं पाहिजे.

"सगळं आधीच ठरलेलं असतं" म्हणून अर्जच न करणं

वाय कॉम्बिनेटर या नावाजलेल्या अमेरिकी अ‍ॅक्सिलरेटरमध्ये शंभरातल्या जेमतेम एका अर्जाची निवड होते, त्यामुळे नाकारल्या गेलेल्यांना वशिल्याचा संशय येणं मी समजू शकतो. पण ड्रॉपबॉक्स ही ऑनलाइन फाइल साठवण्याची सेवा सुरू करणाऱ्या ड्रू ह्यूस्टनचं उदाहरण बघा. आधीच्या एका कल्पनेवर त्याला तिथून नकार मिळाला होता. २००७ मध्ये त्यानं ड्रॉपबॉक्स कसं चालतं ते दाखवणारा व्हिडिओ बनवून हॅकर न्यूज या वाय कॉम्बिनेटरच्या चर्चेच्या साइटवर टाकला, कारण वाय कॉम्बिनेटरचा सहसंस्थापक पॉल ग्रॅहम तिथे रोज असतो हे त्याला ठाऊक होतं. ग्रॅहमनं तो पाहिला आणि सांगितलं, आधी सहसंस्थापक शोध. मग अराश फर्दोसी आला आणि निवड झाली. ओळख नव्हती, ती त्यानं काम दाखवून करून घेतली.

ओळखीनं आत गेलो की बाकीचं निभावेल असं समजणं

इथे एअरबीएनबी या प्रवाशांना लोकांची घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या साइटचं नाव हमखास घेतलं जातं, आणि ते अर्धंच सांगितलं जातं. त्यांचा अर्ज मुदत उलटल्यावर गेला, आणि तो घेतला जावा म्हणून मायकल सायबेलनं ग्रॅहमकडे शब्द टाकला, हे खरं. सायबेल स्वतः वाय कॉम्बिनेटरमधून गेलेला. पण तो एअरबीएनबीच्या तिघा संस्थापकांना महिनोन्‌महिने सल्ला देत होता, त्यांची धडपड त्यानं जवळून पाहिली होती. आणि त्या शब्दानं मिळाली ती फक्त मुलाखत. मुलाखतीत ग्रॅहमला कल्पना अजिबात पटली नाही. परकी माणसं घरात झोपायला घेईल कोण, हा त्याचा प्रश्न होता.

मग निघता निघता त्या तिघांतल्या जो गेबिया यानं नाश्त्याच्या सीरियलचं खोकं पुढे केलं. २००८ च्या अमेरिकी निवडणुकीत ओबामा आणि मकेन या उमेदवारांच्या नावानं खोकी बनवून, प्रत्येकी ४० डॉलरला विकून त्यांनी सुमारे ३०,००० डॉलर उभे केले होते. ४ डॉलरच्या मालाचे लोकांकडून ४० घेणारी ही माणसं तग धरतील, हे ग्रॅहमला त्या खोक्यावरून पटलं. तिथली मुलाखत दहा मिनिटांची असते. त्या दहा मिनिटांत सायबेल खोलीत नव्हता.

आधीच्या बॅचमधल्या फाउंडरला तोच मेसेज चाळीस जणांना पाठवल्यासारखा पाठवणं

"तुमचा प्रवास फार प्रेरणादायी आहे, पंधरा मिनिटं बोलता येईल का?" आणि बोलण्याच्या चौदाव्या मिनिटाला शिफारसीची विनंती. ताकाला जाऊन भांडं का लपवता? सरळ लिहा: आम्ही हे बनवतो, इतके लोक वापरतात, अर्जातलं हे एक उत्तर तुम्हाला कळतंय का सांगाल? अशा मेसेजला मी त्याच दिवशी उत्तर देतो. पुढच्या महिन्यात काय बदललं ते मेसेज पाठवणाऱ्यानं मी न विचारता कळवलं, तर शिफारसीचं मीच सुचवतो. मुदतीच्या दोन दिवस आधी आलेल्या मेसेजला मी नाही म्हणतो. त्यात राग नसतो, पण दोन दिवसांत मला तुमच्याबद्दल खरं असं काय लिहिता येणार?

पैसे देऊन ओळख विकत घेणं

"आमची आत सेटिंग आहे" म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. वाचणाऱ्यांना अशी शिफारस लगेच कळते आणि तिचा डाग तुमच्या नावाला लागतो.

सगळ्या अ‍ॅक्सिलरेटरना एकच माप लावणं

वाय कॉम्बिनेटरमध्ये अर्ज आणि मुलाखत यांवर बरंच काही ठरतं. टेकस्टार्ससारख्या ठिकाणी प्रत्येक कार्यक्रमाचा मॅनेजिंग डायरेक्टर आपल्या बॅचसाठी थोड्याच कंपन्या निवडतो. तिथे त्या व्यक्तीशी आधी बोलून ठेवणं, प्रगती कळवत राहणं खरंच उपयोगी पडतं. कुठे अर्ज करतोय ते आधी नीट वाचा. हे वाचायचा कंटाळा करणारे फारच भेटतात.

नकारानंतर ओळखीतून निर्णय फिरवायला जाणं

ओळखीच्या माणसाला तोंडघशी पाडू नका. पुढच्या बॅचला पुन्हा अर्ज करा. पहिल्या खेपेला नाकारलेले पुढे घेतले जाणं यात नवल काही नाही.

त्या दवाखान्यांच्या जोडीनं तेच केलं. सहा महिन्यांनी अर्ज पुन्हा माझ्यासमोर आला. शिफारसीचा रकाना रिकामा होता. पहिल्या उत्तराची पहिली ओळ अशी होती: "सर्व्हर बंद पडला त्या दिवशी आमच्या पहिल्या ग्राहकाचा सकाळी आठ वाजता फोन आला." मी त्यांना मुलाखतीसाठी पुढे पाठवलं.