सत्तरी ओलांडलेल्या कॉलेजच्या वर्गाचा स्नेहमेळावा कसा जमवावा

१९७०-७५च्या सुमारास पदवी घेतलेली मंडळी आज सत्तरीच्या पुढे आहेत. या वयात मेळावा भरवणं तसं सोपं. हॉल मिळतो, केटरर मिळतो. चिकाटी लागते ती वर्षभर एकमेकांची खबरबात ठेवायला. म्हणून सुरुवात तारखेपासून नको, यादीपासून करा.

कॉलेजचे जुने वार्षिकांक मिळवा. वर्गाच्या फोटोखाली बहुधा नावं छापलेली असतात. मुलींची नावं माहेरच्या आडनावाने लिहून पुढे सासरचं आडनाव लिहा, नाहीतर तुम्ही कुलकर्णी शोधत बसाल आणि ती पन्नास वर्षं देशमुख असेल. प्रत्येकाकडून दुसरा नंबरही घ्या: मुलगा, सून, शेजारी, कुणाचाही. तो मागायला जरा अवघड वाटतं. सरळ म्हणावं, "अरे, तू फोन उचलला नाहीस तर विचारायचं कुणाला?"

वाढदिवस विचारताना खरी तारीख विचारा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेला १ जून या पिढीत बऱ्याच जणांना चिकटलेला आहे.

मग व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप करा. एक गप्पा, फुलं आणि सुप्रभातसाठी. दुसरा फक्त बातम्यांचा. तिथे ॲडमिनच लिहू शकेल अशी सेटिंग ठेवा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना बातमी तोंडी कळवायची जबाबदारी कुणीतरी नाव देऊन घ्यावी. "कुणीतरी सांगेल" म्हटलं की कुणीच सांगत नाही.

निधनाची बातमी मात्र घाईने टाकू नका. आधी घरच्यांशी बोला, त्यांची हरकत नाही ना ते पाहा. मग जवळच्या दोघाचौघांना फोनवर सांगा. ज्याच्याबरोबर चार वर्षं एका बाकावर बसलो त्याचं जाणं ग्रुपवर वाचायला लागू नये. त्यानंतरच एकाने लिहावं: कधी गेले, अंत्यविधी किंवा भेटीची वेळ, घरी फोन केलेला चालेल की नाही. हे बातम्यांच्या ग्रुपवर गेलं की त्या बातमीखाली लगेच कुणाच्या वाढदिवसाच्या केकचं चित्र येत नाही. आजारपणाबद्दल पेशंटने स्वतः सांगितलं तेवढंच लिहा.

मेळाव्याला डिसेंबर-जानेवारी बरा. परदेशात स्थायिक झालेले तेव्हा येतात, आणि उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाणारे इथे असतात. वेळ सकाळी अकरा ते चार, म्हणजे कुणाला अंधारात गाडी चालवावी लागत नाही. बाहेरगावच्यांना आठवण करून द्या: राज्यात एसटीला ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत, वयाचा पुरावा म्हणून एसटीला चालणारं ओळखपत्र मात्र जवळ हवं.

हॉल स्वतः जाऊन बघा. फोनवर "लिफ्ट आहे" म्हणतात, पण लिफ्टपर्यंत जायला चार पायऱ्या असतात आणि त्यांना कठडा नसतो. कमोड आहे का, खुर्च्यांना हात आहेत का, हेही पाहा. मागे संगीत लावू नका. कानाला मशीन असलेल्यांना गाणं आणि गप्पा यांचा एकच गोंगाट ऐकू येतो. जेवण साडेबाराला म्हणजे साडेबारालाच. इन्सुलिन घेणारे सत्कार संपायची वाट पाहू शकत नाहीत. सत्कारच नकोत खरं तर! आयुष्यभर कोण कुठल्या पदावर होतं हे पुन्हा ऐकायला कुणी आलेलं नसतं.

वर्गणी सगळ्यांना सारखी आणि परवडेल इतकी ठेवा. एखादा सधन मित्र "सगळा खर्च माझा" म्हणाला तर त्याचे पैसे न येऊ शकणाऱ्यांना भेटायला जाण्याच्या गाडीखर्चासाठी ठेवा. नुसत्या पेन्शनवर भागवणाऱ्याला दुसऱ्याच्या पैशाने जेवायला संकोच वाटतो.

फोटो काढल्यावर डावीकडून उजवीकडे नावं त्याच दिवशी लिहून घ्या आणि न आलेल्यांना पाठवा. पुढची तारीखही उठण्यापूर्वी ठरवा. घरी जाऊन ठरवू म्हटलं की मध्ये नातवंडांच्या परीक्षा येतात, लग्नं येतात, डॉक्टरांच्या तारखा येतात.