किडनी प्रत्यारोपण दलालाविना : इंदूरच्या मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शन

डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला की थोड्याच दिवसांत डायलिसिस युनिटबाहेरच्या बाकावर कोणीतरी आपुलकीने चौकशी करू लागते, असा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. हा माणूस किडनी विकतो असे कधीच म्हणत नाही. ‘कागदपत्रांचे माझ्यावर सोडा, तुम्ही फक्त सह्या करा,’ एवढेच तो सांगतो. त्याचा खरा माल हे खोटे कागदच असतात. किडनी एखाद्या कर्जबाजारी माणसाच्या शरीरातून येते, आणि त्या माणसाला रुग्णाची बायको, भाऊ किंवा मुलगा म्हणून कागदावर उभे करणे हा दलालाचा व्यवसाय असतो. मुंबईत 2016 मध्ये आणि पुण्यात 2022 मध्ये गाजलेल्या प्रकरणांत परक्या स्त्रीला रुग्णाची पत्नी दाखवले गेल्याचाच आरोप होता. म्हणून या सगळ्यापासून दूर राहायचे असेल तर कागदांचे काम कुटुंबाने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हातात ठेवावे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 साली झाला, 2011 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि आजचे नियम 2014 चे आहेत. पती किंवा पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आजी, आजोबा, नातू आणि नात एवढेच कायद्याच्या दृष्टीने जवळचे नातेवाईक आहेत. आपल्याकडे मामा, काका, आत्या, मावशी, दीर आणि जावई हे घरचेच मानले जातात. पण कायद्याच्या यादीत ते नाहीत. तेव्हा जळगावचा मामेभाऊ मनापासून किडनी द्यायला तयार असला, तरी त्याचे प्रकरण अशा दानाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जाणारच, हे गृहीत धरून तयारी करावी. अठरा वर्षांखालील व्यक्तीला जिवंतपणी अवयवदान करता येत नाही, हे सर्वसाधारणपणे लक्षात ठेवावे.

जवळचे नाते असेल तर आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा ओळख क्रमांक), जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र यांच्या मूळ प्रती एका फाइलमध्ये जमवाव्यात. मराठी घरांत इथे एक अडचण हमखास येते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरची सुलभा आधारवर अपर्णा होते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते आणि आडनावही वेगळे असते. सख्ख्या बहिणीला आपण बहीण आहोत हे सिद्ध करता येत नाही, आणि नेमक्या अशा वेळी ‘दोन दिवसांत नवा दाखला आणून देतो’ म्हणणारा माणूस भेटतो. खऱ्या नात्यासाठी खोटा दाखला जोडणे ही या प्रवासातली सर्वांत वाईट चूक आहे, कारण खोटी कागदपत्रे तयार करण्यास किंवा सादर करण्यास मदत करणे हादेखील या कायद्याखाली गुन्हा असू शकतो. नावातील बदल प्रतिज्ञापत्राने आणि विवाह प्रमाणपत्राने उघडपणे मांडावा. एवढ्यानेही शंका उरली, तर डीएनए तपासणीने नाते सिद्ध करण्याची सोय नियमांतच आहे. तिला वेळ लागतो; पण तो वेळ द्यावा.

जवळचे नाते नसेल तर आपुलकी किंवा जिव्हाळा या कारणाने दान करता येते, मात्र त्यासाठी प्राधिकार समितीची परवानगी लागते. रुग्णालयाची स्वतःची समिती नसेल तर प्रकरण शासकीय समितीपुढे जाते. दोघांची ओळख कशी, दानाची इच्छा कशी निर्माण झाली, मध्ये कोणी दलाल आहे का, हे समिती तपासते. दोघांच्या मागील तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा मागितला जातो. एकत्र राहिल्याचे कागद आणि जुने एकत्र फोटोही उपयोगी पडतात. दाता दुसऱ्या राज्यातला असेल तर त्याच्या तहसीलदाराकडून निवासाची पडताळणी करून आणावी लागते, हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. मुलाखतीचे चित्रीकरण होते. उत्तरे पाठ करून जाण्याचे कारण नाही, आणि कोणी उत्तरे पाठ करून घेत असेल तर त्याच क्षणी सावध व्हावे. परवानगी नाकारली गेली तर तीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते.

पैशाच्या बाबतीत रेषा स्पष्ट आहे. अवयव काढण्याचा, नेण्याचा व जतन करण्याचा खर्च आणि दात्याचा दानामुळे प्रत्यक्ष झालेला खर्च किंवा बुडालेली मजुरी यांची भरपाई कायद्याने मोबदला मानलेली नाही. ही रक्कम पावतीने, बँकेतून द्यावी आणि रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाला सांगून द्यावी. त्यापलीकडे अवयवासाठी पैसे देणारा, घेणारा, दाता शोधून देणारा आणि जाहिरात करणारा, हे सगळे एकाच कलमात येतात, आणि त्याची शिक्षा पाच ते दहा वर्षे कैद व वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी आहे. ‘ओ पॉझिटिव्ह किडनी पाहिजे, योग्य मोबदला मिळेल’ असा संदेश कॉलनीच्या ग्रुपवर कळकळीने पुढे पाठवणाऱ्यांना याची कल्पना नसते. किडनीसाठी मोठी रक्कम देतो असे सांगून आधी नोंदणी शुल्क मागणारे तर बहुधा निव्वळ फसवणूक करणारे असतात.

दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीने पडताळावी, असे नियम सांगतात. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बहुसंख्या बायकांची आहे, तेव्हा ही तरतूद नावापुरती समजू नये. सुनेला किंवा बहिणीला समन्वयकाशी एकटीने बोलू द्यावे. शस्त्रक्रियेपर्यंत संमती मागे घेता येते, हे घरातल्या मोठ्यांनीच तिला सांगितलेले बरे.

रक्तगट जुळत नाही म्हणून दलालाकडे वळण्याआधी अदलाबदल प्रत्यारोपणाबद्दल विचारावे. दोन कुटुंबांतील जवळचे नातेवाईक एकमेकांच्या रुग्णांना किडनी देतात. त्याच्या जोडीने मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नोंदणी करावी. ती नोंदणीकृत रुग्णालयामार्फतच होते. 2023 मध्ये केंद्राने अधिवासाची आणि पासष्ट वर्षांच्या वयोमर्यादेची अट काढली आणि नोंदणीसाठी राज्यांनी शुल्क घेऊ नये असे कळवले. मध्य प्रदेशची राज्य अवयव प्रत्यारोपण संस्था, म्हणजे सोट्टो, इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजमध्ये आहे, आणि 2015 पासून शहरात अवयवांसाठी ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अवयव लवकर पोचावा म्हणून मोकळे ठेवलेले रस्ते, होत आले आहेत. यादीत पुढचा क्रमांक मिळवून देतो असे म्हणणाऱ्याशी बोलणेच थांबवावे.

परदेशात नेऊन शस्त्रक्रिया करून देण्याच्या प्रस्तावालाही हेच लागू आहे. 2015 च्या अखेरीस अकोल्यात उघड झालेल्या प्रकरणात सावकारीत अडकलेल्यांच्या किडन्या श्रीलंकेत काढल्याचे आरोप झाले होते.

दलाल भेटलाच तर त्याच्याशी वाद घालू नये. संदेश, फोन क्रमांक, पैसे मागितल्याच्या नोंदी आणि त्याने दिलेले कागद जपून ठेवावेत व लेखी तक्रार करावी. तक्रार राज्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्यासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी आणि पोलिसांनाही कळवावे, कारण या कायद्याखाली न्यायालय प्राधिकाऱ्याच्या तक्रारीवर, किंवा त्याला साठ दिवसांची नोटीस दिलेल्या व्यक्तीच्या तक्रारीवर दखल घेते. म्हणून पोचपावती घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये. सीएम हेल्पलाइन 181, मंगळवारची कलेक्टोरेटमधील जनसुनवाई आणि नोट्टोचा, म्हणजे राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेचा, 1800114770 हा टोल फ्री क्रमांक हे आणखी मार्ग आहेत.

ज्याची किडनी आधीच काढली गेली आहे, तो आपणही आरोपी ठरू या भीतीने गप्प बसतो. त्याने प्रथम 15100 वर विधिक सेवा प्राधिकरणाशी बोलून मोफत वकील मागावा आणि मगच जबाब द्यावा. शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद हाती नसेल तर सोनोग्राफीत एकच किडनी असल्याची नोंद करून घ्यावी. हा पुरावाही आहे आणि आरोग्याची गरजही; कारण उरलेल्या किडनीसाठी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी त्याला दरवर्षी करावी लागणार आहे, आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेता येणार नाहीत.