गोल्फ गेममध्ये नवे क्लब निवडताना या चुका टाळा

महागडा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) घेतला, टी-शॉट (होलचा पहिला फटका) वीस यार्ड लांब जाऊ लागला आणि तरी स्कोअर कमी होण्याऐवजी दोन-तीन शॉटनी वाढला. ऑनलाइन गोल्फ गेम खेळणाऱ्यांची ही तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा नव्या क्लबमध्ये काही खोट नसते. तो कोणत्या बॅगेत येतोय, त्याच्या वरचा आणि खालचा क्लब किती अंतर मारतो आणि आपले शॉट नक्की कुठे वाया जातात, हे न पाहता तो घेतलेला असतो. नवा क्लब घेताना विचार पूर्ण बॅगेचा करावा लागतो, आणि पुढच्या बहुतेक चुका तो न केल्यानेच होतात.

गेम कोणता आहे यावरही थोडं अवलंबून आहे. ‘वर्ल्ड गोल्फ टूर’सारख्या गेममध्ये लेव्हल वाढते तसे दुकानातले क्लब खुले होतात आणि ते क्रेडिट देऊन विकत घ्यायचे असतात. ‘गोल्फ क्लॅश’मध्ये चेस्टमधून (बक्षिसाच्या पेट्यांमधून) कार्डं मिळतात, ती पुरेशी जमली की कॉइन्स खर्चून क्लब अपग्रेड करायचा. पद्धती वेगळ्या असल्या तरी निवडीतल्या चुका बऱ्याचशा सारख्याच आहेत.

सगळा खर्च ड्रायव्हरवर

नव्या खेळाडूची नजर पहिल्यांदा अंतराच्या आकड्यावर जाते. साहजिक आहे, लांब टी-शॉट बघायलाच मजा येते. पण हिशेब करून पाहा. पार म्हणजे होलसाठी किंवा कोर्ससाठी अपेक्षित फटके. पार 72 च्या नेहमीच्या 18 होलच्या कोर्सवर चार छोटे पार-3 होल असतात, म्हणजे ड्रायव्हर हातात येतो तो फार तर 14 वेळा. लहान पार-4 वर तर तोही नको असतो. ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) बॉल टाकणारे आयर्न आणि वेज हे क्लब मात्र जवळपास प्रत्येक होलवर लागतात आणि ग्रीनवरून बॉल होलमध्ये ढकलणारा पटर तर लागतोच.

समजा, 405 यार्डांचा पार-4 आहे. आधी ड्रायव्हर 250 यार्ड जायचा, म्हणजे 155 उरायचे. आता 265 जातो, म्हणजे 140 उरतात. हा फायदा खरा आहे, पण 140 यार्डांवरून पिनजवळ (होलमधल्या झेंड्याजवळ) बॉल थांबवणारा आयर्न तुमच्याकडे असेल तरच. शिवाय आधी तुमच्या आवाक्याबाहेर असलेला 265 यार्डांवरचा फेअरवे बंकर (वाटेतला वाळूचा खड्डा) आता बरोबर तुमच्या लँडिंगच्या जागी येतो. ड्रायव्हर बदलला की ओळखीच्या प्रत्येक कोर्सवर टी-शॉटचं निशाण नव्याने ठरवावं लागतं. बरेच जण जुन्याच जागी नेम धरत राहतात आणि दोष क्लबला देतात.

अंतरांमधली खिंडारं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि तिच्याकडे लक्षही सगळ्यात कमी जातं. आयर्नचा नवा सेट घेतला की प्रत्येक आयर्नचं अंतर वाढतं. वेज मात्र जुनेच राहतात. समजा, आधी पिचिंग वेज 120 यार्ड आणि सँड वेज 80 यार्ड होता. नव्या सेटमध्ये पिचिंग वेज 130 चा झाला, सँड वेज 80 वरच. आता मधे 50 यार्डांची मोकळी जागा पडली. 100 यार्डांचा शॉट, म्हणजे पार-5 वर तिसरा आणि छोट्या पार-4 वर दुसरा शॉट, आधी पिचिंग वेजच्या सुमारे 83 टक्के ताकदीने मारायचात. आता तोच 77 टक्क्यांवर मारावा लागतो. ताकद जितकी कमी, तितकी बॅकस्पिनही (बॉलची उलटी फिरकी) कमी मिळते आणि बॉल ग्रीनवर पडून पुढे पळतो. फास्ट ग्रीन असेल तर पिनमागे वीस फूट गेलाच म्हणून समजा.

खऱ्या गोल्फमध्येही हीच अडचण आहे. पिचिंग वेजचा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा) साधारण 44 ते 48 अंश आणि सँड वेजचा 54 ते 56. ही जागा भरायला खेळाडू 50-52 अंशांचा गॅप वेज ठेवतात. नियमाप्रमाणे बॅगेत 14 पेक्षा जास्त क्लब ठेवता येत नाहीत, त्यामुळे वेज वाढवला की वरचा, म्हणजे लांब अंतराचा, एखादा वुड किंवा लाँग आयर्न काढावा लागतो. गेममध्येही बॅगेत जागा मोजकीच असते, तिथेही असाच विचार करायचा.

उपाय अगदी साधा आहे. कागदावर सगळ्या क्लबांची पूर्ण ताकदीची अंतरं मोठ्याकडून लहानाकडे लिहा आणि शेजारच्या दोन आकड्यांमधला फरक त्यांच्या मधे मांडा. आयर्नमध्ये 10 ते 15 यार्डांचा फरक चांगला. वेजमध्ये तो 20-25 पर्यंत गेला तरी चालतो. कुठे 35-40 दिसला तर पुढचा खर्च तिथे करायचा. आणि दोन क्लबांमध्ये फक्त चार-पाच यार्डांचा फरक असेल तर त्यातला एक निव्वळ जागा अडवतोय. नवा 3-वुड 235 यार्डांचा आणि जुना 5-वुड 230 चा, असं अनेकांच्या बॅगेत असतं. 5-वुड काढून तिथे 210 च्या आसपासचा हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधला क्लब) टाकला तर पार-5 वरचा दुसरा शॉट आणि लांब पार-3 असे दोन्ही प्रश्न सुटतात.

विकत घेण्याआधी नव्या क्लबचा आकडा याच यादीत पेन्सिलने लिहून पाहा. खिंडार बुजतंय की नवं पडतंय, हे तिथेच कळतं.

प्रिसिजन आणि फर्गिव्हनेस एकच समजणे

‘वर्ल्ड गोल्फ टूर’च्या पद्धतीचे आकडे देणाऱ्या गेममध्ये हा घोटाळा फार होतो. शॉट मारताना सरकणारी पट्टी, म्हणजे मीटर, अगदी रेषेवर थांबवलं, डिंग (अचूक थांबवल्याची खूण) मिळाली, तरी बॉल नेमका त्याच जागी जाईल याची खात्री नसते. गेम त्यात थोडी तफावत ठेवतो, आणि ती कमी करण्याचं काम प्रिसिजनचं. फर्गिव्हनेसचं काम वेगळं आहे. रेषा चुकली तर त्या चुकीची शिक्षा किती कमी व्हायची, ते फर्गिव्हनेस ठरवतो.

म्हणून आधी स्वतःचा खेळ तपासा. डिंग वरचेवर चुकत असेल तर जास्त प्रिसिजनच्या क्लबवर पैसे टाकून हाती फारसं काही लागणार नाही. तुम्हाला फर्गिव्हनेस आणि मंद मीटर हवा. याउलट डिंग बहुतेक वेळा मिळते, पण बॉल पिनच्या डावी-उजवीकडे विखुरतो, असं असेल तर प्रिसिजनला पैसे द्या. फर्गिव्हनेसचा मोठा आकडा ड्रायव्हर आणि लाँग आयर्नमध्ये जास्त उपयोगी पडतो, कारण तिथे थोडीशी चूकही बॉलला थेट रफमध्ये (वाटेबाहेरच्या उंच गवतात) नेते. वेजमध्ये मी नेहमी प्रिसिजन आणि स्पिन पाहतो.

मीटरच्या वेगाचंही तसंच. जास्त अंतराच्या क्लबचा मीटर कधीकधी जलद असतो आणि मिळालेले यार्ड चुकलेल्या डिंगमध्ये जातात. मीटर मंद करणारे बॉलही असतात, तेव्हा क्लब आणि बॉल एकत्र धरून निवडा. मंद मीटरचा महाग बॉल वापरून एखादा क्लब आजमावला आणि नंतर साध्या बॉलवर आलात, तर हातातला क्लबच वेगळा वाटू लागतो. नवा क्लब तपासताना रोजचाच बॉल लावा.

ब्रँड पाहून घेणे

काही गेममध्ये टेलरमेड, पिंग, कॅलवे अशी खरी नावं क्लबवर असतात. मैदानावर एखादा ड्रायव्हर नावाजलेला असला, तरी गेममध्ये तो गेमने दिलेल्या आकड्यांप्रमाणेच चालतो. नाव झाकून आकडे वाचा. एकाच ब्रँडचा पूर्ण सेट असावा, असंही काही नाही.

कार्डांच्या गेममधल्या चुका

‘गोल्फ क्लॅश’मध्ये क्लबांचे सात प्रकार आहेत: ड्रायव्हर, वुड, लाँग आयर्न, शॉर्ट आयर्न, वेज, रफ आयर्न आणि सँड वेज. सामन्यात प्रत्येक प्रकारातला एकच क्लब घेऊन उतरायचं. कार्डं पुरेशी जमली की अपग्रेडची सोय समोर दिसते आणि बोट आपोआप तिकडे जातं. पण अपग्रेडचे कॉइन्स आणि टूरमध्ये (फी भरून खेळायच्या सामन्यांच्या पातळीत) उतरण्याची फी एकाच थैलीतून जाते. वापरातच नसलेल्या क्लबांवर कॉइन्स उडवले की दोन-तीन सामने हरल्यावर खालच्या टूरवर परतावं लागतं. प्रत्येक प्रकारात एक मुख्य क्लब ठरवा आणि फार तर एखादा पर्यायी. बाकीची कार्डं साठू द्या, ती कुठे जात नाहीत. किती सामन्यांची फी थैलीत कायम ठेवायची तेही आधीच ठरवून टाका आणि त्याच्यावर जे उरेल त्यातूनच अपग्रेड करा.

रफ आयर्न आणि सँड वेज शेवटपर्यंत पहिल्या लेव्हलवर ठेवणं ही दुसरी चूक. बंकरमध्ये कधीतरीच जातो, असं वाटतं. पण समोरासमोरच्या सामन्यात तो एकच शॉट होल घालवतो. आधी ड्रायव्हर वाढवला असेल तर रफमध्ये जाण्याची पाळी जास्तच येते, तेव्हा रफ आयर्नला त्याच्या मागोमाग वर आणा.

तिसरी चूक अपग्रेडनंतरची. अचूकतेचा आकडा बदलला की वाऱ्याचा हिशेब बदलतो. या गेममध्ये वाऱ्यासाठी निशाण त्याच्याभोवतीच्या वर्तुळांनी, म्हणजे रिंगांनी, मोजून सरकवतात. अचूकता वाढते तसा एका रिंगला बसणारा वारा कमी होतो. समजा, आधी एका रिंगला ताशी 2 मैलांचा वारा धरत होतात आणि आता 1.6 चा धरायला हवा. मग 8 मैलांच्या वाऱ्याला आधीच्या चार रिंगांऐवजी पाच सरकवाव्या लागतील. जुन्या सवयीने चारच सरकवल्या तर क्लब सुधारूनही बॉल वाऱ्याबरोबर वाहणार. शिवाय त्याच क्लबने कमी अंतर मारताना रिंगचा हिशेब पूर्ण अंतरासारखा राहत नाही. अपग्रेडनंतर पहिले काही सामने कमी फीच्या टूरवर खेळून नवे आकडे हातात बसवा, मग मोठ्या टूरवर जा.

आणि फक्त लेव्हलचा आकडा पाहू नका. दर अपग्रेडला सगळेच गुण सारखे वाढत नाहीत. एखाद्या पायरीवर ताकद वाढते, एखाद्या पायरीवर कर्ल (बॉल हवेत वळवण्याची क्षमता) किंवा बॉल गाइड (बॉलचा मार्ग दाखवणारी रेषा). पुढच्या पायरीला तुम्हाला हवा तो गुण वाढतोय का, हे बघूनच कॉइन्स द्या.

घाईची खरेदी

लेव्हलने क्लब खुले होणाऱ्या गेममध्ये पुढच्या दोन-चार लेव्हलवर काय मिळणार आहे, ते दुकानातच दिसतं. दोन लेव्हल पुढे स्पष्ट चांगला सेट असताना आज मधलाच सेट घेणं म्हणजे क्रेडिट दोनदा घालवणं. खरे पैसे देऊन क्रेडिट घेत असाल तर महिन्याची मर्यादा आधी ठरवा. हरल्याच्या रागात दुकान उघडूच नका, आणि लहान मुलं तुमच्या खात्यावर खेळत असतील तर खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

सरासरी सुधारली की ‘वर्ल्ड गोल्फ टूर’ वरच्या टायरमध्ये (श्रेणीत) ढकलतो, टी (पहिल्या फटक्याच्या जागा) मागे सरकतात आणि कोर्स लांब होतो. त्यामुळे नवे क्लब आल्यावर काही दिवस स्कोअर छान आणि मग अचानक खराब, असं दिसलं तर घाबरू नका. लांबी वाढली आहे. अशा वेळी वुड आणि लाँग आयर्न आधी तपासा, कारण आता दुसरा शॉट त्यांनीच खेळावा लागतो.

घेतल्यानंतर बिघडलं तर

बॉल सतत ग्रीनच्या पलीकडे जातोय: अंतर वाढलंय आणि तुम्ही जुन्या सवयीने क्लब निवडताय. एक क्लब खाली या, म्हणजे कमी अंतराचा घ्या. अंतर बरोबर असून बॉल पडल्यावर पळतोय: आधी बॅगेतलं खिंडार पाहा, मग स्पिनचा आकडा. नवा क्लब उंच मारतो आणि समोरच्या वाऱ्यात कमी पडतो: उंच बॉलवर वारा जास्त काम करतो. बॅकस्पिन कमी करा किंवा एक क्लब वर जा.

पटर बदलल्यावर जवळचे पट लांब जाऊ लागले, तर त्याची अंतराची पट्टी तपासा. एका पटरची पट्टी 25 फुटांची, दुसऱ्याची 30 ची असू शकते. 10 फुटांच्या पटला पहिल्यावर मीटर 40 टक्के लागेल, दुसऱ्यावर सुमारे 33. तेवढ्या फरकाने होल हुकतो. शक्यतो पटर आणि बाकीचे क्लब एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर बिघाड कशामुळे आहे तेच कळत नाही.

मीटर मधेच अडखळून उडी मारत असेल तर क्लबचा काही संबंध नाही. ब्राउझरचे बाकीचे टॅब बंद करा, मागे चाललेली डाउनलोड थांबवा, ग्राफिक्सचा दर्जा एक पायरी उतरवा आणि सराव फेरीत जुना क्लब परत लावून पाहा. त्याच्यावरही मीटर तसाच अडखळला, तर नव्या क्लबला जबाबदार धरू नका. जुना क्लब नव्यापेक्षा स्पष्ट नीट चालला, तर दोन्हींचे मीटरचे आकडे शेजारी ठेवून वाचा आणि नवा क्लब अंगवळणी पडेपर्यंत स्पर्धेच्या फेरीत जुनाच वापरा.