शिवी ऐकली, आता काय करायचं? (नव्या अंपायरसाठी)

परीक्षा पास होऊन मैदानात उतरलात की दोन-तीन रविवारांत कुणीतरी तुमची आई-बहीण काढणारच. त्याआधी क्रिकेटचा नियम ४२, म्हणजे खेळाडूंच्या वागणुकीचा नियम, पाठ हवा. त्यात गुन्ह्यांच्या चार लेव्हल आहेत, १ सगळ्यात सौम्य. ऑक्टोबर २०१७ पासून तो या रूपात आहे. त्यापूर्वी आम्ही कॅप्टनला बोलवायचो आणि संध्याकाळी रिपोर्ट खरडायचो, बस.

पहिलं काम म्हणजे ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. लाजू नका. मी एकदा नुसतं ‘अपशब्द वापरले’ असं लिहिलं. सुनावणीत मुलगा म्हणाला, ‘मी स्वतःलाच बोललो, सर.’ झालं! स्वतःवर चिडून मोठ्याने घातलेली शिवी लेव्हल १, समोरच्याला घातलेली लेव्हल २. शब्दच नाहीत तर मी काय सांगणार?

मग जोडीदार अंपायरकडे चालत जा. लेव्हल दोघांनी मिळून ठरवायची, आणि कळवायची ती कॅप्टनला. पोराशी हुज्जत घालायची नाही.

लेव्हल १ ला पहिल्यांदा ताकीद, पण ती अख्ख्या टीमला. नंतर त्यांच्यातल्या कुणीही आगळीक केली की समोरच्यांना ५ रन. लेव्हल २ ला, म्हणजे समोरच्याला शिवी घातली, मुद्दाम धक्का दिला किंवा कुणाच्या अंगावर बॉल फेकला, तर थेट ५. अंपायरला दमदाटी लेव्हल ३: ५ रन, वर तो खेळाडू इनिंगच्या एक पंचमांश ओव्हर बाहेर. २० ओव्हरच्या मॅचमध्ये ४, आणि बदली खेळाडू नाही. अंपायरवर हात टाकला किंवा त्याला मारायची धमकी दिली तर लेव्हल ४: उरलेली मॅच बाहेर, शिवाय ५ रन.

मागच्या मोसमात आझाद मैदानावर एकाला एलबीडब्ल्यू दिला. त्याने जाता जाता बॅटने स्टंप आडवे केले. ही लेव्हल १, पण त्यांच्या ओपनरला आधीच ताकीद मिळालेली, म्हणून ५ रन लागले. फिल्डिंग करणाऱ्यांची बॅटिंग व्हायची होती, त्यामुळे त्यांचा डाव बिनबाद ५ वरून सुरू होणार! कॅप्टन तंबूतून धावत आला. ‘सर, १९८१ ला मेलबर्नला एलबीडब्ल्यूवर चिडून गावसकर तर पार्टनरलाही घेऊन निघाले होते!’

म्हटलं, ‘त्यांनी पुढे स्वतःच खेद व्यक्त केला. तू आधी स्टंप उभे कर.’

आता खूण. इथे नवे लोक हमखास गोंधळतात. रन बॅटिंगवाल्यांना असतील तर एका हाताने विरुद्ध खांद्यावर थापट्या मारायच्या. फिल्डिंगवाल्यांना असतील तर हात खांद्यावर नुसता ठेवायचा. स्कोअररने हात वर करेपर्यंत हलायचं नाही. त्या दिवशी आमचा स्कोअरर वडापावची पुडी सोडत होता. मी मैदानाच्या मधोमध खांदा धरून उभा, आणि शेजारच्या मॅचचा थर्डमॅन विचारतोय, ‘काका, खांदा निखळला का?’