गुडघ्याला ‘लाईट’ घ्यायची असेल तर

मी रेडिएशन विभागात तंत्रज्ञ आहे. कर्करोगाच्या रुग्णांना मशीनखाली नीट झोपवणं, खुणा जुळवणं हे माझं रोजचं काम. 2025 मध्ये झिजेमुळे दुखणाऱ्या गुडघ्याला थोडे किरण (रेडिएशन, म्हणजेच ‘लाईट’) देऊन बघणाऱ्या कोरियातल्या चाचणीची बातमी आल्यापासून ओळखीतल्या काकू-मावश्या विचारतात, "गुडघ्याला लाईट घेऊ का गं?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

आधी आकडे बघा. कोरियात 114 जणांचे तीन गट केले. एकाला सहा वेळा मिळून 3 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक), दुसऱ्याला 0.3 ग्रे, तिसऱ्याला नुसतं मशीनखाली झोपवलं, किरण सोडलेच नाहीत. आपल्याला काय मिळालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. चार महिन्यांनी 3 ग्रेवाल्यांपैकी 70 टक्क्यांना, 0.3 ग्रेवाल्यांपैकी 58 टक्क्यांना उतार पडला. आणि किरण न मिळालेल्यांपैकीही 42 टक्क्यांना! त्याआधी नेदरलँड्समध्ये 55 जणांवर अशीच चाचणी झाली होती. तिथे तीन महिन्यांनी 6 ग्रे घेतलेल्यांपैकी 44 टक्के आणि न घेतलेल्यांपैकी 43 टक्के सुधारले. गुडघेदुखी चढते-उतरते, आणि माणूस दवाखाना गाठतो तो ती चढलेली असताना. त्यामुळे "शेजारणीला गुण आला" एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

उभं राहून काढलेला एक्स-रे घेऊन हाडांच्या डॉक्टरांना झीज कितपत आहे ते विचारा. कोरियातले रुग्ण सौम्य ते मध्यम झिजेचे होते. पाय वाकडा झालाय, हाडाला हाड घासतंय, तर या किरणांनी कूर्चा (हाडांच्या टोकांवरची मऊ गादी) परत येणार नाही. ते फार तर सूज आणि दाह कमी करतील.

मग वही घाला. उपचाराआधी निदान दोन आठवडे रोज ठरलेल्या वेळी दुखण्याला 0 ते 10 मध्ये गुण द्या. कामंही ठरलेली हवीत: जिना उतरणं, जमिनीवरून उठणं, देवळापर्यंत चालणं. वेदनाशामक गोळी घेतली की तीही लिहा. या काळात नवं तेल, नवा पट्टा, नवा व्यायाम सुरू करू नका. नाहीतर गुण कशाचा ते कधीच कळणार नाही. चालू असलेला व्यायाम मात्र सोडू नका.

चाचणीत भाग घेणार असाल तर भारताच्या चाचणी नोंदणीतला तिचा क्रमांक मागा. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. खोट्या उपचाराच्या गटात गेले तर नंतर खरा मिळेल का, इजा झाली तर खर्च कोणाचा, हे स्पष्ट विचारा. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं.

भीतीबद्दल सांगते. कर्करोगात बऱ्याचदा 50-60 ग्रे द्यावे लागतात. त्यापुढे 3 ग्रे फारच थोडे. कातडी भाजत नाही, केस जात नाहीत. पुढे कर्करोग होण्याचा धोका अगदी लहान आहे, पण शून्य नाही. म्हणून तरुणांना मी हा उपचार सुचवत नाही. गुडघ्याला आधी रेडिएशन झालं असेल तर ते डॉक्टरांना सांगाच.

प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा, न दुखणारा. पाय हलवायचा नाही, एवढंच. दुसऱ्याच दिवशी फरक शोधू नका. वही तीन-चार महिने चालू ठेवा आणि आधीच्या पानांशी ताडून बघा. मात्र गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.