अंगणातला वॉल्ट्झ: पहिली सहा पावलं

लहानपणी टीव्हीवर जोडीनं नाचणारे बघून ज्यांची नजर हटत नव्हती, त्यांनी चाळिशीतही खुशाल सुरुवात करावी, आणि ती वॉल्ट्झ या पाश्चात्त्य जोडीनाचापासून करावी. त्याचा ठेका आपल्या कानात आधीच बसलेला असतो. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, म्हणजे जमिनीवर चौकोन आखणारी त्याची मूळ सहा पावलं दादरा या सहा मात्रांच्या तालाच्या एका आवर्तनात नेमकी बसतात: धा धी ना, धा ती ना. गावातल्या भजनी मंडळात तबला किंवा ढोलकी वाजवणारं कुणी असेल तर त्यालाच बसवा. आधी सेकंदाला एक मात्रा. खरी लय मिनिटाला 84 ते 90 मात्रांची, तिची घाई नको.

जागा दहा बाय दहा फूट पुरते. सारवलेल्या अंगणात अनवाणी चालतं, पण वळणं घेतली की पोपडे निघतात. सिमेंटच्या ओट्यावर चवड्याला फोड येतात, तिथे जाड सुती मोजे घाला. गुळगुळीत टाइलवर मात्र मोजे घसरतात. रबरी तळाचे बूट टाळा. पाय जमिनीला धरून राहतो आणि पीळ गुडघ्यावर येतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाचीच वेळ धरा.

नेणाऱ्याची, म्हणजे जोडीत दिशा ठरवणाऱ्याची, पावलं अशी: डावा पुढे, उजवा बाजूला, डावा जुळवा; उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जुळवा. साथीदाराची याच्या उलट, उजवा मागे टाकून सुरुवात. पाऊल फूटभराचंच. जोडी नवरा-बायकोचीच हवी असं नाही. दोघी जावा किंवा बहीण-भाऊही शिकू शकतात.

सगळ्यांचं अडतं ते तिसऱ्या मात्रेवर. पाय जुळतो, पण वजन त्याच्यावर जात नाही, मग चौथ्या मात्रेला पुन्हा तोच पाय उचलला जातो आणि साथीदाराच्या बोटांवर पडतो. म्हणून पहिले काही दिवस एकेकट्यानं करा. ‘ना’ आला की थांबा आणि दुसरा पाय सहज उचलता येतो का बघा. येत नसेल तर वजन अजून आधीच्याच पायावर आहे. खाली बघू नका. मान वाकली की वजन पुढे कलतं.

मग हात. नेणाऱ्याचा उजवा तळवा साथीदाराच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, साथीदाराचा डावा हात त्याच्या दंडावर. उरलेले दोन हात एकमेकांत, बुटक्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. नाकासमोर नाक नको; दोघांनीही आपापल्या डावीकडे थोडं सरकायचं, म्हणजे उजवं पाऊल समोरच्याच्या दोन पायांमध्ये जातं. फुगडीत आपण मागे झुकून ताण धरतो, इथे तसं झुकायचं नाही. हातानं ओढायचंही नाही. छाती आधी निघते, पाऊल तिच्यामागून.

चौकोन न मोजता होऊ लागला की डावीकडे वळा. दर तीन मात्रांत पाव फेरी, दोन आवर्तनांत पुरी. चक्कर आली तर थांबून साधा चौकोन करा.