जेनेटिक्समधल्या शास्त्रज्ञाचं सायटेशन रेकॉर्ड कसं वाचायचं

पीएचडीला गाइड शोधताना मुलं काय करतात, गूगल स्कॉलर (गूगलचं रिसर्च पेपर शोधायचं पान) उघडतात, एच-इंडेक्स बघतात आणि दोन मिनिटात ठरवून मोकळी, की हे मोठे ते किरकोळ. असं करू नका प्लीज. मी खाली मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन जेनेटिक्स शास्त्रज्ञ बाईंचं उदाहरण घेतेय, कारण माणसाचं काम आणि आकडा यातलं अंतर त्यांच्या करिअरमध्ये फार स्पष्ट दिसतं.

आधी आकडा म्हणजे काय ते. एच-इंडेक्स ४० म्हणजे ४० पेपर असे आहेत की प्रत्येकाला निदान ४० सायटेशन्स आहेत, म्हणजे निदान ४० दुसऱ्या पेपरांनी त्याचा संदर्भ दिलाय. २००५ मध्ये होर्हे हिर्श या फिजिक्सवाल्यानं काढलेलं माप आहे हे. हा इंडेक्स कधी कमी होत नाही, त्यामुळे वय वाढेल तसा वाढतोच, आणि एखाद्या पेपरला ४१ सायटेशन्स असोत की चार हजार, मोजला जातो एकच. गूगल स्कॉलर थीसिस, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापून येण्याआधीचे पेपर) सगळं धरतं म्हणून तिथला आकडा स्कोपस या निवडक जर्नल्सच्या डेटाबेसपेक्षा मोठा येतो, तेव्हा दोघांची तुलना करायची तर एकाच ठिकाणचे आकडे घ्या.

मग नाव तपासा. 'किंग एम. सी.' शोधलं तर भलत्याच लोकांचे पेपर येतात, आणि आपल्याकडे पाटील, जोशी, कुलकर्णी असले की विचारूच नका! ऑर्किड आयडी (प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख नंबर) असेल तर त्यावरून बघा.

आता खरं काम. लिस्ट सायटेशननुसार न लावता वर्षानुसार लावा आणि वाचत जा. किंग यांचा १९७५ चा 'सायन्स'मधला पेपर, अॅलन विल्सनबरोबरचा, माणूस आणि चिंपांझी यांची प्रोटिन्स जवळजवळ ९९ टक्के सारखी, म्हणजे फरक बहुतेक जीन्स कधी आणि किती चालू होतात त्यात असणार, असं सांगणारा. एवढं गाजलेलं काम हातात असताना बाई वळल्या कुठे, तर स्तनाचा कॅन्सर घराण्यात का येतो या प्रश्नाकडे, जेव्हा असा एखादा जीन असेल हे बहुतेकांना पटतच नव्हतं. मोठं उत्तर आलं डिसेंबर १९९० मध्ये, २३ कुटुंबं, स्तनाच्या कॅन्सरच्या १४६ केसेस, आणि त्या जीनची जागा सापडली १७ व्या क्रोमोझोमवर. मधली पंधरा-सोळा वर्षं बघा. १९८५ मध्ये कुणी या कामाचं फळ आकड्यात मोजलं असतं तर काय दिसलं असतं? मला हा भाग वाचताना दर वेळी भरून येतं.

त्या १९९० च्या पेपरवर किंग यांचं नाव शेवटी आहे, पहिलं जेफ हॉल यांचं. आपल्या फील्डमध्ये पहिला म्हणजे साधारण हातानं काम केलेला, शेवटचा म्हणजे लॅबचा प्रमुख. कन्सोर्शियमचे, म्हणजे अनेक लॅब्सनी मिळून केलेले, पेपर वेगळे काढा, तिथे शेकडो नावं असतात आणि सायटेशन्स प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होतात.

आणि सायटेशन कशासाठी झालंय तेही उघडून बघा, अलीकडचे दहा पेपर पुरतात. प्रस्तावनेत पाच संदर्भांच्या गठ्ठ्यात नाव आलंय की त्या पद्धतीवर पुढचं काम उभं आहे? किंग यांनी जागा शोधलेला तो जीन, बीआरसीए१, प्रत्यक्ष वेगळा केला १९९४ मध्ये दुसऱ्याच टीमनं, त्यामुळे जीनबद्दल लिहिणारा पुष्कळदा त्या टीमच्या पेपरचा संदर्भ देतो. आपल्या मुंबईच्या डॉ. भेंडे यांचंच घ्या, १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मिळ रक्तगट आला, आज तो ब्लड बँकेत सगळ्यांना माहीत आहे पण मूळ पेपरचा संदर्भ देतो कोण?

काही काम तर या हिशोबात मावतच नाही. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत पळवलेली नातवंडं शोधणाऱ्या आज्यांबरोबर किंग यांनी १९८४ पासून काम केलं, आईवडील हयात नसताना आजी-आजोबांच्या रक्तावरून नातं सिद्ध करायचं. सापडलेली नातवंडं १३० च्या वर गेलीत. हे शोधायला सायटेशन सोडून मुलाखती, भाषणं, कोर्टाच्या बातम्या वाचाव्या लागतात.

गाइड निवडत असाल तर शेवटी एक करा, त्यांच्या लॅबमधून आलेले गेल्या पाच-सात वर्षांतले पेपर काढा, त्या पेपरांचे पहिले लेखक आज कुठे आहेत ते बघा आणि त्यातल्या दोघांना सरळ मेल टाका.